लहानपणी फिट्स यायच्या आणि आता वाचणं, लक्षात ठेवणं, हिशोब जड जातो? तपासणी कुठल्या क्रमाने करायची

लहानपणी फिट्स आल्या, नंतर थांबल्या, आणि आता मोठेपणी एक पान वाचायला तीनदा मागे जावं लागतं, मीटिंगमधलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही, फॉर्म भरताना घाम फुटतो, अशी बरीच माणसं आहेत. त्यातले बहुतेक जण सुरुवातच उलट्या बाजूने करतात. नेटवरची आयक्यू टेस्ट देतात किंवा थेट कुठेतरी टेस्टिंग करून घेतात, हातात आकड्यांचा कागद येतो आणि मग लक्षात येतं की त्या आठवड्यात झोपेचे वांधे होते, गोळीचा डोस नुकताच वाढवला होता आणि लहानपणाबद्दल कोणी धड विचारलंच नव्हतं. त्या कागदाचा मग काही उपयोग होत नाही, आणि लगेच परत टेस्ट देताही येत नाही (का ते पुढे येईल). म्हणून टेस्ट शेवटी, बाकीचं सगळं आधी.

१. तक्रार नेमकी लिहून काढा

"डोकं चालत नाही", "विसरायला होतं" एवढ्यावर कोणीच काही करू शकत नाही. दोन आठवडे एक वही ठेवा आणि जिथे अडलं तिथे त्याच दिवशी लिहा. काय करत होतो, नेमकं काय अडलं, आदल्या रात्री झोप किती झाली, गोळी चालू असेल तर वेळेवर घेतली का, बास. उदाहरणार्थ "ईमेल वाचला पण दोन तारखा उलट्यापालट्या घेतल्या", "ओळखीच्या माणसाचं नाव तोंडात आलं नाही, नंतर आपोआप आठवलं", "तीन कामं सांगितली, तिसरं डोक्यातून गेलं". ह्या तिन्ही वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली वाचनाची, दुसरी शब्द सापडण्याची, तिसरी बहुतेक लक्ष देण्याची, आणि तिघांचे उपायही वेगळे.

मग एकाच प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्या, हे कधीपासून आहे? अध्ययन अक्षमता, म्हणजे ज्याला आपण लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतो, ती शाळेच्या वयातच सुरू झालेली असते. शाळेत सगळं ठीक होतं आणि गेल्या दोन वर्षांत बिघडलं असेल तर ती लर्निंग डिसॅबिलिटी नाही, दुसरं काहीतरी आहे आणि ते शोधायची घाई जास्त आहे.

तपासा: घरातल्या किंवा ऑफिसातल्या एखाद्या जवळच्या माणसाला वही न दाखवता विचारा की तुला माझ्यात काय अडताना दिसतं. दोघांचं जुळलं नाही तर तेही लिहून ठेवा, डॉक्टरला त्यातूनही बरंच कळतं.

२. फिट्सची हकीकत जमवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. "लहानपणी फिट्स यायच्या" ह्या एका वाक्यात दहा वेगवेगळे आजार मावतात आणि त्यांचे पुढचे परिणाम एकमेकांपेक्षा फार वेगळे असतात.

आई-वडील, मावशी, आजी, मोठा भाऊ, जे कोणी त्या वेळी घरात होतं त्यांच्याशी बोला, शक्यतो एकेकट्याने, कारण सगळे एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण खरी ठरते. विचारायचं हे:

- पहिली फिट कितव्या वर्षी, आणि तेव्हा ताप होता का?
- किती वेळ चालली? घड्याळ कोणी पाहिलं नसतं, म्हणून "दवाखान्यात पोचेपर्यंत चालू होती का" असं विचारा.
- पूर्ण अंग की एकच बाजू? नंतर एखादा हात काही वेळ लुळा पडला होता का?
- एका दिवसात परत आली का?
- झोपेत यायची की जागेपणी?
- हातपाय न झटकता नुसतं टक लावून बसणं, मध्येच बोलणं तुटणं असं काही होतं का?
- कुठली औषधं, किती वर्षं, बंद कधी केली?
- जन्माच्या वेळी काही त्रास, डोक्याला मार, मेंदूज्वर?

आता याचा अर्थ काय लावायचा. ६ महिने ते ५ वर्षं ह्या वयात तापात येणारी साधी फिट, म्हणजे १५ मिनिटांच्या आत थांबलेली, पूर्ण अंगाची आणि २४ तासांत परत न आलेली, ही १०० पैकी २ ते ५ मुलांना येते आणि तिने बुद्धीवर किंवा शिकण्यावर परिणाम होत नाही. तुमची हकीकत एवढीच असेल तर आजच्या अडचणीचं खापर त्या फिटवर फोडू नका, खरं कारण दुसरीकडे शोधावं लागेल. फिट अर्धा तास किंवा जास्त चालली असेल तर गोष्ट वेगळी, त्यात काही मुलांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाला, इजा होऊ शकते.

टक लावून बसणाऱ्या फिट्सना अॅबसेन्स सीझर म्हणतात. काही सेकंदांच्या असतात, दिवसातून कित्येकदा येतात, आणि वर्गात ते पोरगं "लक्ष नसतं, स्वप्नात असतो" म्हणून बोलणी खातं. ह्यात फिट्स औषधाने पूर्ण थांबल्या तरी लक्ष देण्याची अडचण काही जणांत मागे राहते. झोपेत येणाऱ्या, चेहऱ्याची एक बाजू ओढणाऱ्या, लाळ गळून बोलता न येणाऱ्या फिट्स रोलँडिक प्रकारच्या असू शकतात, त्या साधारण सोळाव्या वर्षापर्यंत आपोआप थांबतात, पण त्या वयात वाचन आणि भाषा मागे पडलेली असू शकते आणि ती कोणी भरून काढलेली नसते. टेम्पोरल लोबमधून, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागातून, येणाऱ्या फिट्समध्ये आठवणीचा प्रश्न जास्त असतो, फ्रंटलमध्ये, म्हणजे कपाळामागच्या भागातल्या फिट्समध्ये, प्लॅनिंग, लक्ष आणि स्वतःला आवरण्याचा.

आणि हे घरच्यांना पण वाचायला द्या: बऱ्याच मुलांमध्ये शिकण्याची किंवा लक्षाची अडचण पहिल्या फिटच्या आधीपासून असते. म्हणजे फिटने डोकं बिघडवलं असं नेहमीच नसतं, मेंदूतल्या एकाच मूळ कारणातून दोन्ही आलेलं असू शकतं. "त्या दिवशी मी लवकर दवाखान्यात नेलं असतं तर" असं वर्षानुवर्षं मनात ठेवून बसलेल्या आया असतात, त्यांच्यासाठी एवढी माहिती सुद्धा खूप आहे.

थांबा: हकीकत विचारताना उत्तर सुचवू नका. "एकच हात उडायचा ना?" असं विचारलं की समोरचा हो म्हणतो.

३. शाळेचे कागद शोधा

प्रगतिपुस्तकं, शिक्षकांचे शेरे, जुन्या वह्या, मध्येच वर्ष गेलं असेल तर त्याचं कारण. मोठ्या माणसांत लर्निंग डिसॅबिलिटी ठरवताना शाळेच्या काळातला पुरावा फार कामाचा असतो. डीएसएम-५ ह्या २०१३ च्या निदान-नियमावलीत तर १७ वर्षांपुढच्या माणसाला प्रमाणित चाचणीऐवजी अडचणींचा कागदोपत्री इतिहास चालू शकतो असं दिलंय. मार्कांपेक्षा शेरे जास्त बोलतात. "तोंडी उत्तरं चांगली, लेखी कच्चे" हा एक शेरा दहा आकड्यांच्या तोडीचा आहे. कागद नसतील तर भावंडाकडून किंवा जुन्या शिक्षकाकडून एक पानभर लिहून घ्या.

फिट्समुळे किंवा औषधाच्या गुंगीमुळे शाळा किती बुडली हेही लिहा. जे शिकवलंच गेलं नाही ते न येणं ही अक्षमता नाही.

४. आज जे दुरुस्त होऊ शकतं ते आधी दुरुस्त करा

लोक नेमकी हीच पायरी गाळतात. टेस्टला बसायच्या आधी खालच्या गोष्टी डॉक्टरबरोबर एकेक करून बाजूला करायच्या.

गोळ्या. अजून फिट्सची औषधं चालू असतील तर पहिला संशय तिथेच. फेनोबार्बिटोनने माणूस संथ होतो. टोपिरामेटने शब्द सापडत नाहीत, अगदी रोजच्या वापरातले सुद्धा, आणि डोस कमी केला की हे बहुतेकांचं सुधारतं. लेव्हेटिरासिटाम विचारशक्तीला तसं सौम्य, पण काही जणांची चिडचिड इतकी वाढते की कशातच मन लागत नाही. कार्बामॅझेपिन आणि ऑक्सकार्बॅझेपिनने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, त्यानेही डोकं जड होतं. व्हॅल्प्रोएटने कधीकधी अमोनिया वाढून सुस्ती येते. दोन-तीन गोळ्या एकत्र असतील तर परिणाम आणखी. सर्दीची किंवा झोपेची जी गोळी तुम्ही स्वतःच आणून घेता ती पण यादीत लिहा.

थांबा: हे वाचून गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. फिटची गोळी अचानक थांबवली तर लागोपाठ, न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. यादी घेऊन डॉक्टरकडे जा, बदल त्यांनीच करायचा आणि हळूहळू.

फिट्स खरंच थांबल्यात का. मोठ्या, अंग झटकणाऱ्या थांबल्या म्हणजे सगळ्याच थांबल्या असं नाही. मध्येच काही सेकंद तुटल्यासारखं होणं, ओठ चाटणं, कपड्याशी उगाच चाळा करणं, सकाळी उठल्यावर जीभ चावलेली असणं, अंथरूण ओलं होणं, असं काही असेल तर ते "विसरणं" नसून छोट्या फिट्स असू शकतात. हे स्वतःला कळत नाही, त्यामुळे सोबत राहणाऱ्याला विचारा, जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. डॉक्टर ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद घेणारी तपासणी, सांगतील. एक ईईजी नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही, कधीकधी झोपेतला किंवा जास्त वेळाचा करावा लागतो.

झोप. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं दुखणं असेल तर स्लीप अॅप्नियाची तपासणी करा. एपिलेप्सी, म्हणजे परत परत फिट्स येण्याचा आजार, असलेल्यांत हे जास्त दिसतं, आणि अपुरी झोप फिटला पण आमंत्रण देते आणि स्मरणशक्तीलाही खाते.

मन. एपिलेप्सी असलेल्या साधारण चार-पाच जणांत एकाला डिप्रेशन असतं. गंमत अशी की "माझी स्मरणशक्ती किती वाईट आहे" हे माणूस जे सांगतो ते टेस्टच्या मार्कांपेक्षा त्याच्या मूडशी जास्त जुळतं. याचा अर्थ तक्रार खोटी आहे असा नाही, उपचार आधी कशाचा करायचा ते त्यातून ठरतं. डिप्रेशनसाठी गोळी लिहून घेताना फिट्सचा इतिहास सांगाच, कारण बुप्रोपिऑनसारख्या काही गोळ्या फिटचा धोका वाढवतात. दुखण्यावरची ट्रॅमाडॉल पण त्यातलीच.

उरलेलं पटकन: चष्म्याचा नंबर, कानांची तपासणी, थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन. आणि दारू.

तपासा: ह्यातलं काही सापडलं तर त्याचा उपचार सुरू करून निदान दोन-तीन महिने जाऊ द्या, मग परत पहिल्या पायरीची वही भरा. काही जणांचा प्रवास इथेच संपतो, टेस्टची गरजच पडत नाही.

५. योग्य माणसाकडे, योग्य प्रश्न घेऊन

आधी न्यूरोलॉजिस्ट, मग न्यूरोसायकॉलॉजिस्ट. न्यूरोलॉजिस्ट फिट्सचा प्रकार, औषधं, आणि गरज असेल तर एमआरआय बघतो. न्यूरोसायकॉलॉजिस्ट वाचन, स्मरण, लक्ष, वेग, प्लॅनिंग हे मोजून सांगतो. नुसती आयक्यू टेस्ट घेणाऱ्याकडे जाऊन हे काम होत नाही.

अपॉइंटमेंट घेतानाच तीन गोष्टी विचारा. मोठ्या माणसांची तपासणी करता का? एपिलेप्सीचे पेशंट बघितलेत का? ज्या भाषेत मी शिकलो त्या भाषेत टेस्ट होईल का? तिसऱ्या प्रश्नाला लोक लाजतात. पण परक्या भाषेतली वाचनाची टेस्ट तुमचं वाचन मोजत नाही, ती भाषा किती येते ते मोजते.

जाताना एका पानाचा सारांश न्या, वर फिट्सचा इतिहास, मध्ये औषधं, खाली वहीतली पाच उदाहरणं. आणि प्रश्न स्पष्ट विचारा. "माझं काय चुकतंय" असं मोघम नको. "मला परीक्षेत जास्त वेळ मागायचाय, त्यासाठी वाचनाचा वेग मोजून हवाय" किंवा "हे लहानपणापासूनचं आहे की वाढतंय ते ठरवायचंय" असं सांगा. प्रश्नावरून टेस्ट निवडल्या जातात.

६. टेस्टची तारीख आणि तयारी

- फिट येऊन गेली असेल तर तारीख पुढे ढकला. नंतरचे काही दिवस डोकं मंद असू शकतं.
- औषध बदलत असताना टेस्ट नको, डोस स्थिर होऊ द्या.
- झोप कमी करून करायचा ईईजी आणि ही टेस्ट एकाच दिवशी कधीच नको.
- गोळी नेहमीच्या वेळी घ्या, "टेस्ट आहे म्हणून" टाळू नका.
- चष्मा, कानाचं यंत्र बरोबर.
- बऱ्याचदा तीन ते सहा तास लागतात, थकवा येत असेल तर दोन दिवसांत विभागून मागा.

थांबा: नेटवर टेस्टचे नमुने शोधून सराव करू नका. सरावाने मार्क फुगतात आणि खरी अडचण झाकली जाते. याच कारणाने तीच टेस्ट लगेच परत घेत नाहीत, साधारण सहा महिने ते वर्षभर थांबतात.

आठवणीबद्दल एक खास गोष्ट मागून घ्या. नेहमीच्या टेस्टमध्ये शब्दांची यादी किंवा गोष्ट सांगून अर्ध्या तासाने परत विचारतात. एपिलेप्सीच्या काही माणसांना अर्ध्या तासाने सगळं आठवतं आणि आठवड्याभरात पुसून जातं. रिपोर्ट नॉर्मल, माणूस हैराण, घरचे म्हणतात नाटक करतो. तुमची तक्रार अशी असेल तर तेव्हाच सांगा की एका आठवड्याने फोन करून तीच यादी विचाराल का. बरेच जण तयार होतात.

टेस्ट देताना येत नसेल तर येत नाही म्हणा. जास्त वाईट दिसावं म्हणून मुद्दाम चुकू पण नका, त्याचे सापळे त्याच टेस्टमध्ये असतात आणि पकडलं गेलं की अख्खा रिपोर्ट बाद.

७. रिपोर्ट वाचणं

इथे सर्वात जास्त गैरसमज होतात. पहिला पर्सेंटाइलचा. १६ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी १६ मार्क नव्हे, तुमच्या वयाच्या १०० माणसांत साधारण ८४ जण तुमच्या पुढे आहेत एवढाच अर्थ. २५ पर्सेंटाइल तर सरासरीतच धरतात, त्यावर रडायचं कारण नाही.

दुसरा आयक्यूच्या एकाच आकड्याचा. सरासरी १०० असते आणि ८५ ते ११५ मध्ये दोन तृतीयांश लोक येतात. पण तो आकडा अनेक भागांचा मिळून बनतो. शब्दांवरचं आकलन ११० आणि कामाचा वेग ७८ असलेल्या माणसाचा एकूण आकडा साधारण मध्यमच निघेल आणि त्याची सगळी अडचण त्यात लपून जाईल. भाग वेगवेगळे वाचा.

तिसरा, बौद्धिक अक्षमता आणि लर्निंग डिसॅबिलिटी एकच समजणं. पहिल्यात आयक्यू साधारण ७० च्या आसपास किंवा खाली, आणि त्याबरोबर रोजचं जगणं, पैसे, प्रवास, निर्णय यातही अडचण, आणि हे सगळं वाढीच्या वयापासून, असं तिन्ही लागतं. नुसत्या आकड्यावर ते ठरत नाही. लर्निंग डिसॅबिलिटीत एकूण समज चांगली असते आणि वाचन, लेखन किंवा गणित यातलं एखादं, कधीकधी एकापेक्षा जास्त, अडलेलं असतं. दोन्हीच्या बाहेर तिसरा गट आहे, ज्यात वाचता-लिहिता नीट येतं पण आठवण, लक्ष किंवा वेग कमी आहे. फिट्सचा इतिहास असलेले बरेच मोठे लोक ह्या तिसऱ्या गटात बसतात आणि उगाच पहिल्या दोघांचं लेबल लावून घेतात.

तपासा: रिपोर्टमध्ये हे आहे का? कुठल्या टेस्ट घेतल्या, कोणत्या भाषेत, त्या वेळी कुठली औषधं चालू होती, शेवटची फिट कधी, मूड कसा होता, आणि काय केल्याने फायदा होईल. शेवटचा भाग नसेल तर बसून मागून घ्या, तो तुमचा हक्काचा भाग आहे.

८. रिपोर्टनंतर

वाचन अडत असेल तर मोठेपणीही अक्षर-ध्वनीपासून पद्धतशीर शिकवणी उपयोगी पडते, हळू पडते इतकंच. तोवर मोबाईलला मजकूर वाचून दाखवायला लावा, बोलून टाइप करा. आठवणीसाठी एकच वही किंवा एकच अॅप, पाच ठिकाणी चिठ्ठ्या नकोत. नवीन गोष्ट नुसती परत वाचण्यापेक्षा झाकून आठवून बघा, थोड्या वेळाने, मग दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने. मेंदूच्या कसरतीचे गेम विकत घेऊ नका, माणूस त्या गेममध्ये तरबेज होतो, रोजच्या कामात फारसा फरक पडत नाही.

रिपोर्टमध्ये एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि उतावळेपणाचा विकार, आलं तर उपचार आहे. त्यावरच्या मिथाइलफेनिडेट ह्या गोळीला लोक फार घाबरतात, पण फिट्स कंट्रोलमध्ये असतील तर नेहमीच्या डोसमध्ये ती बहुतेकांना चालते, मात्र न्यूरोलॉजिस्टला माहीत असायला हवं.

ऑफिसात किंवा कॉलेजात सांगताना निदानापासून सुरुवात करू नका, काय लागेल तिथून करा. "सूचना लिहून द्या", "एका वेळी एक काम", "वाचायला जास्त वेळ", "शांत जागा". फिट्सचा इतिहास आणि शिकण्याची अडचण ह्या दोन वेगळ्या बातम्या आहेत, दोन्ही एकाच दिवशी आणि एकाच माणसाला सांगायलाच हव्यात असं नाही. अपवाद म्हणजे गाडी चालवणं, उंचीवरचं किंवा मशीनवरचं काम, तिथे लपवण्यात जिवाचा धोका आहे.

९. परत कधी जायचं

एरवी मोठा बदल झाला तरच, म्हणजे औषध बदललं, ऑपरेशन ठरलं, नवीन जबाबदारी आली. हा पहिला रिपोर्ट जपून ठेवा, पुढचा याच्याशीच ताडून बघतात. पण आधी येणारी गोष्ट काही महिन्यांत येईनाशी झाली, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला लागलात, किंवा बरीच वर्षं थांबलेली फिट परत आली तर टेस्टच्या तारखेची वाट बघू नका, सरळ न्यूरोलॉजिस्टकडे जा. आणि फिट ५ मिनिटांच्या वर चालली तर तातडीने हॉस्पिटल. तोवर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका.